‘नाताळ’ हा शब्द कोणाचा?

डिसेंबर महिना लागला की मंडळ्यांमंडळ्यांतून सणाच्या पत्रिका छापल्या जाऊ लागतात, आणि त्यांच्या माथ्यावर कोणता शब्द घालावा ह्याविषयी अलीकडे मतभेद ऐकू येतात. वडीलधारी माणसे ‘नाताळ’ म्हणतात. तरुणांना ‘ख्रिसमस’ जवळचा वाटतो. ह्याखेरीज तिसरा एक वर्ग आहे, आणि तो विचार करणाऱ्या माणसांचा असल्यामुळे त्याचे म्हणणे बाजूला सारता येत नाही. नाताळ हा पोर्तुगिजांनी आणलेला परका शब्द आहे. त्याच्यामागे रोमी लोकांचा सूर्योत्सव दडलेला आहे. पवित्र शास्त्रात तर तो कोठेच नाही. तेव्हा तो टाकून ‘ख्रिस्तजन्मोत्सव’ असा आपल्या मातीतला शब्द रूढ करावा, असे ह्या मंडळींचे मत आहे.

शास्त्राच्या भाषांतराच्या कामात आयुष्याची बरीच वर्षे गेल्यामुळे हा प्रश्न माझ्याकडेही येतो. वस्तुतः भाषांतरकाराला ‘नाताळ’ शब्दाशी कर्तव्य नाही. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत ह्या सणाचे नाव एकदाही येत नाही, म्हणून त्याला प्रतिशब्द शोधण्याची पाळी आमच्यावर कधी आलीच नाही. परंतु प्रश्न दिसतो तितका शब्दकोशाचा नाही. एखाद्या गोष्टीचा उगम आपल्याला मान्य नसेल, तर ती आपल्या तोंडी असणे योग्य आहे काय, असा तो प्रश्न आहे. आणि त्याला दुसरीही एक धार आहे. ‘तुमच्या सणाचे नावच बाहेरचे, मग तुम्ही कुठले?’ असे शेजाऱ्याने थट्टेत किंवा थट्टेपलीकडे जाऊन विचारले, म्हणजे काय उत्तर द्यावे?

प्रथम शब्दाचे कूळ पाहू. लॅटिन भाषेत ‘नास्की’ म्हणजे जन्मणे आणि ‘नातुस’ म्हणजे जन्मलेला. त्यावरून ‘नातालिस’ हे विशेषण झाले. ‘दिएस नातालिस’ म्हणजे जन्मदिवस. ह्याच शब्दापासून इटालियन ‘नाताले’ आणि पोर्तुगीज ‘नाताल’ आले, आणि फ्रेंच ‘नोएल’चेही मूळ बहुतेक विद्वान येथेच शोधतात. पोर्तुगीज जहाजे जेथे जेथे लागली तेथे तेथे हा शब्द किनाऱ्यावर उतरला. गोव्यातील कोकणीत ‘नातालां’, गुजरातीत ‘नाताल’, सिंहलीत ‘नत्तल’, इंडोनेशियात तर आजही ‘नाताल’च. आपण मराठी माणसांनी त्याच्या शेवटच्या ‘ल’चा ‘ळ’ केला. ‘ओस्पिताल’चे ‘इस्पितळ’ केले तसेच हे झाले. पुढे त्याला आपले विभक्तिप्रत्ययही लागले. नाताळात, नाताळचा, नाताळासाठी असे आपण सहज बोलतो. परका शब्द भाषेत पाहुणा आहे की घरचा, हे ओळखण्याची व्याकरणातली खूण हीच, आणि ह्या खुणेप्रमाणे ‘नाताळ’ केव्हाच घरचा झालेला आहे.

येथे थोडे विषयांतर करतो. व्यासपीठावरून ह्या शब्दाच्या ज्या व्युत्पत्त्या सांगितल्या जातात त्यांचा मला धसका आहे. देवाशी तुटलेले नाते जुळवणारा तो नाताळ, ही एक. ती ऐकायला गोड आहे आणि शिकवण म्हणून खोटीही नाही, परंतु व्युत्पत्ती म्हणून तिला काडीचा आधार नाही. दुसरी थट्टेखोरांची: ज्या सणात माणसे ताळतंत्र सोडतात तो ‘ना-ताळ’. काही ठिकाणचा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला थाट पाहिला म्हणजे हीच खरी असावी असे वाटू लागते, पण तीही खोटीच.

खऱ्या व्युत्पत्तीचे तरी काय? शब्दाचे मूळ म्हणजे शब्दाचा अर्थ, ही समजूत धर्मोपदेशात फार खोल रुजली आहे. जेम्स बार ह्या विद्वानाने १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात शास्त्रातील शब्दांच्या अर्थविचाराची चिकित्सा करताना ह्याच सवयीवर बोट ठेवले. शब्दाचा अर्थ बोलणाऱ्यांच्या वापरात असतो, त्याच्या पणजोबाच्या घरी नसतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख आहे. आपल्याच भाषेतील उदाहरण घ्या. ‘तुरुंग’ हा शब्दही पोर्तुगीज; त्याचे मूळ ‘त्रोंकु’ म्हणजे झाडाचे खोड, आणि त्यावरून कैद्याचे पाय अडकवण्याचा ओंडका. आज तुरुंग म्हणताना कोणाच्या डोळ्यांपुढे झाड उभे राहते? महिनाअखेरीस पगार घेताना आपण पोर्तुगीज ‘पागार’ म्हणजे ‘फेडणे’ हे क्रियापद हातात घेतो, ह्याची आठवण कोणाला असते? तद्वत, नाताळ म्हणणाऱ्या मराठी माणसाच्या मनात लिस्बन नसते आणि रोमही नसतो. गव्हाणीतले बाळ असते, उपासना असते, घरी करंज्या तळल्याचा वास असतो.

असे असले तरी ह्या शब्दाच्या बाबतीत मूळ अगदीच विसरण्याजोगे नाही. ‘जन्मदिवस’ ही कल्पना प्रारंभीच्या ख्रिस्ती लोकांना मुळीच निरुपद्रवी वाटत नव्हती. पवित्र शास्त्रात ज्यांचा वाढदिवस साजरा झाल्याचे सांगितले आहे अशी माणसे म्हणजे फारो आणि हेरोद. पहिल्याच्या मेजवानीत आचाऱ्याला फाशी झाली (उत्पत्ती ४०:२०-२२); दुसऱ्याच्या मेजवानीत बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिर तबकात आले (मत्तय १४:६-११). उलट ईयोब आणि यिर्मया ह्या देवाच्या माणसांनी आपल्या जन्मदिवसाला शाप दिले. तिसऱ्या शतकातील ओरिगेन ह्या आचार्याने ह्याच दाखल्यांवरून, जन्मदिवस पापी लोक साजरा करतात, संत नव्हे, असा निष्कर्ष काढला होता.

ओरिगेनाचे म्हणणे आपल्याला आज टोकाचे वाटते. पण त्या काळी सर्वत्र कोणाचे जन्मदिवस पाळले जात होते ते लक्षात घ्या. आजच्या तुर्कस्थानात प्रियेने येथे एक शिलालेख सापडला आहे. तो इ. स. पूर्व ९ मधील आहे. आशिया प्रांतातील ग्रीक नगरांनी औगुस्त कैसराच्या जन्मदिवसापासून आपले नवे वर्ष मोजण्याचे ठरवले, आणि त्या देवाचा जन्मदिवस हा जगासाठी सुवार्तांचा आरंभ आहे, अशा आशयाची भाषा तेथे कोरली. ‘सुवार्ता’ ह्या अर्थाचा जो ग्रीक शब्द तेथे आहे, तोच शब्द आणि त्याच्यापासूनचे क्रियापद नव्या करारात येते. आता लूककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय ह्या शिलालेखाशेजारी ठेवून वाचा. पहिल्याच वचनात औगुस्त कैसराचे नाव आहे, त्याची आज्ञा आहे, सगळ्या जगाची नोंदणी आहे. आणि दहा वचनांनंतर सुवार्ता मेंढपाळांना सांगितली जाते, ती एका दुसऱ्याच जन्माची. लूकाने कैसराची भाषा टाळली नाही. त्याने ती उचलली, आणि उतरायला जागा न मिळालेल्या एका कुटुंबाच्या बाळाला ती लावली. ह्या अकराव्या वचनाच्या लॅटिन भाषांतरात ‘नातुस’ हाच शब्द आहे, म्हणजे आपल्या नाताळचे मूळ.

‘नातालिस’चा ख्रिस्ती वापर आधी सुरू झाला तो मात्र बेथलेहेमाच्या संदर्भात नव्हे. स्मुर्णा येथील वृद्ध अध्यक्ष पॉलिकार्प ह्यांना दुसऱ्या शतकाच्या मध्याला जाळून मारण्यात आले. तेथील मंडळीने लिहिलेल्या वृत्तांतात, त्यांच्या हौतात्म्याचा ‘जन्मदिवस’ दरवर्षी पाळण्याचा मनोदय व्यक्त केला आहे. मरणाचा दिवस हाच खरा जन्मदिवस, असा उलटा वापर. पुढे लॅटिन मंडळीत हुतात्म्यांच्या स्मरणदिनाला ‘नातालिस’ म्हणण्याची प्रथा पक्की झाली. इ. स. ३५४ मध्ये रोममध्ये तयार झालेल्या एका पंचांगात हुतात्म्यांच्या अशा दिवसांची यादी आहे, आणि तिच्या अगदी आरंभी, डिसेंबरच्या २५ तारखेला, ख्रिस्त यहूदीयातील बेथलेहेमात जन्मला, अशी नोंद आहे. ही यादी ३३६च्या सुमाराची मानतात. ह्या तारखेची मंडळीच्या दप्तरातील ही सर्वांत जुनी ठाम नोंद समजली जाते. तिचे स्थान पाहिले की मन क्षणभर थांबते. ज्यांनी ख्रिस्तासाठी प्राण दिले त्यांच्या मरणांच्या ओळीत पहिला लिहिला आहे ख्रिस्ताचा जन्म.

त्याच पंचांगाच्या दुसऱ्या भागात २५ डिसेंबरलाच ‘अजिंक्याचा जन्मदिवस’ अशी नोंद आहे, आणि हा अजिंक्य म्हणजे सूर्यदेव, असे सर्वसाधारणपणे मानतात. सूर्योत्सवाचा आक्षेप येथून निघतो. ख्रिस्ती लोकांनी ही तारीख सूर्यपूजकांकडून घेतली, की २५ मार्च हा गर्भधारणेचा दिवस धरून नऊ महिने मोजत ती स्वतंत्रपणे ठरवली, ह्यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही. परंतु क्षणभर पहिला पक्ष खरा धरू. बिघडले काय? पाचव्या शतकात रोमचे अध्यक्ष थोर लिओ ह्यांनी नाताळच्या एका प्रवचनात, पेत्राच्या मंदिराच्या पायऱ्यांवर पाठ वळवून उगवत्या सूर्याला नमन करणाऱ्या ख्रिस्ती लोकांची कानउघाडणी केली आहे. घोटाळ्याची शक्यता त्यांना दिसत होती. त्यांनी लोकांना समजावले. सण रद्द केला नाही.

आणि आपण कोठवर जाणार? आपण उपासनेला जमतो तो रविवार. रवी म्हणजे कोण? दुसऱ्या शतकातच हुतात्मा जस्टिन ह्यांनी ख्रिस्ती उपासनेचा दिवस सांगताना ‘सूर्याचा दिवस’ असाच शब्द वापरला होता. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांच्या १६१६च्या ख्रिस्तपुराणात स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ येतो. ‘देव’ हा शब्द तरी आपण कोणाकडून घेतला? ज्यांना कुळाची शुद्धी करायची आहे त्यांना प्रार्थनेचे पहिले वाक्यही उच्चारता येणार नाही. खुद्द ‘ख्रिस्तजन्मोत्सव’ ह्या सुचवलेल्या शब्दात ‘ख्रिस्त’ ग्रीक आहे. आणि जी प्रॉटेस्टंट मंडळी नाताळला कॅथलिक म्हणून नाके मुरडतात आणि ‘ख्रिसमस’ घेतात, त्यांना हे ठाऊक नसावे की त्या इंग्रजी शब्दाचा उत्तरार्ध म्हणजे ‘मिस्सा’ आहे!

येथवर वाचून, लेखकाने आक्षेप सहज उडवून लावला, असे आपल्याला वाटेल. पण तिसऱ्या वर्गाच्या म्हणण्यात एक भाग असा आहे की तो व्याकरणाने उडत नाही. शब्द आला कसा? तो पुष्कळदा तलवारीच्या सावलीत आला. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतला. १५६० मध्ये तेथे धर्मन्यायालय स्थापन झाले आणि मधला थोडा खंड सोडला तर ते १८१२ पर्यंत चालले. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलू लागावे. ज्या राज्याने शेजाऱ्याच्या तोंडातली भाषा काढून घेण्याचा हुकूम दिला, त्याच राज्याच्या भाषेतून आपल्या सणाचे नाव आले. ‘जन्म’ असा अर्थ असलेला शब्द आणि त्याला वाहून आणणारी ही सत्ता, ह्यांतील विसंगती मला अस्वस्थ करते.

ह्या शब्दाचा दुसरा प्रवास तर आणखी बोलका आहे. वास्को द गामाचा ताफा १४९७च्या डिसेंबरात, हिंदुस्थानच्या वाटेवर असता, आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यापासून जात होता. सणाचे दिवस म्हणून त्या किनाऱ्याला ‘नाताल’ हे नाव पडले. तेथे माणसे राहत होती. त्यांच्या भूमीला त्यांची नावे होती. पुढे ती इंग्रजांची वसाहत झाली. १८६० पासून आपल्या देशातील गिरमिटिया मजूर तेथील उसाच्या मळ्यांत नेले गेले. १८९४ मध्ये तेथील हिंदी लोकांचा मताधिकार काढून घेणारे विधेयक आले आणि गांधीजींनी नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन केली. मराठीत आपण त्या प्रदेशालाही ‘नाताळ’च लिहितो. प्रभूच्या जन्माचे नाव धारण करणाऱ्या भूमीत माणसाची किंमत त्याच्या कातडीवर ठरत होती. आज त्या प्रांताचे नाव क्वाझुलू-नाताळ आहे. १९९४ नंतरच्या नव्या राज्यव्यवस्थेने जुना शब्द पुसला नाही. तेथल्या लोकांचे नाव त्याच्या आधी जोडले.

मग शब्द टाकल्याने हे देणे फिटेल काय? मला तसे वाटत नाही. शब्द टाकला तर आठवण करून देणारी खूण तेवढी जाईल. ‘ख्रिस्तजन्मोत्सव’ ह्या कोऱ्या शब्दाला इतिहास नाही, आणि इतिहास नसलेला शब्द वापरणाऱ्याला आपणही निष्कलंक आहोत असे वाटू लागण्याचा धोका असतो. रविवारशाळेतील मुलाने ‘नाताळ म्हणजे काय?’ असे विचारले, तर त्याला जन्माची गोष्ट सांगावी, आणि तो थोडा मोठा झाला की जहाजांचीही सांगावी.

शिवाय दुसरी बाजूही त्याच इतिहासात आहे. वसई १५३४ मध्ये पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. किल्ल्यावरचे निशाण बदलले, राज्य गेले. तेथील शेतकरी ख्रिस्ती आणि त्यांचा सण मात्र राहिला. त्यापुढची पावणेतीनशेहून अधिक वर्षे हा शब्द तेथे कोणत्याही पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या आधाराविना जगला. घाटावर तर पोर्तुगीज राज्य कधी पोचलेच नव्हते. अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) १८३१ पासून काम करणारे अमेरिकन मिशनरी बॉस्टनच्या संस्थेचे होते. त्यांच्या प्यूरिटन पूर्वजांनी मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ पर्यंत हा सण पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंडाचा कायदा ठेवला होता, आणि त्या राज्यात २५ डिसेंबरला सरकारी सुट्टी मिळाली ती १८५६ मध्ये. अशा परंपरेतील मिशनच्या मंडळ्यांत आज घरोघर उच्चारला जातो तो शब्द कॅथलिक पोर्तुगालचा! कोणत्या मिशनने दिला म्हणून नव्हे, आसपासची सारी मराठी जनता तो वापरते म्हणून. कचेऱ्यांना आणि शाळांना ‘नाताळची सुट्टी’ असते. मुलांना खाऊ देणारा म्हातारा ‘नाताळबाबा’ असतो. शेजारी सणाचे नाव परके म्हणतो तेव्हा, ते नाव त्याच्याही तोंडी आहे आणि त्यानेही ते आपल्याच आजीकडून घेतले आहे, एवढे त्याला प्रेमाने सांगता येईल.

‘ख्रिस्तजन्मोत्सव’ शब्दाशी माझे वैर नाही. उपासनेच्या पुस्तकात, पत्रिकेच्या मथळ्यावर तो शोभतो. पण दारात उभे राहून कोणी कोणाला त्या शब्दाने हाक घालील असे वाटत नाही. ‘नाताळ’मध्ये मला आणखी एक गुण दिसतो. त्यात येशूचे नाव नाही, पदवी नाही. नुसता ‘जन्मलेला’ एवढाच ध्वनी आहे. देव मनुष्य झाला हे सांगताना प्रथम एवढेच सांगायचे असते की तो जन्मला, जसे आपण सगळे जन्मतो. योहानाच्या पहिल्या अध्यायात देवापासून जन्मलेल्यांविषयी जे वचन आहे, तेथेही लॅटिन भाषांतरात ह्याच धातूचे रूप आहे.

उत्तरेत स्थायिक झालेल्या वाचकांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. इंदूर किंवा जबलपूरच्या मराठी घरातील मुले बाहेर ‘बडा दिन’ ऐकतात, आणि कोलकात्यातील ‘बडोदिन’. डिसेंबरात तर दिवस सर्वांत लहान असतो, मग तो बडा कसा, असे ती विचारतात. त्या तारखेनंतर दिवस मोठा होऊ लागतो, असा खुलासा सर्रास केला जातो. मला साधा अर्थच बरोबर वाटतो: मोठा सण तो मोठा दिवस. १८८६ च्या ‘हॉबसन-जॉबसन’ ह्या प्रसिद्ध कोशातही हा शब्द युरोपियनांच्या मोठ्या सणासाठी, विशेषतः नाताळासाठी, येथील लोक वापरतात असे नोंदले आहे. म्हणजे हे नाव बाहेरून पाहणाऱ्या शेजाऱ्यांनी दिले आणि ख्रिस्ती लोकांनी ते आनंदाने घेतले. योहान ७:३७ मध्ये मंडपांच्या सणाच्या शेवटच्या दिवसाला ‘मोठा’ हेच विशेषण लावले आहे, आणि त्या मोठ्या दिवशी येशू उभा राहून तान्हेल्यांना बोलावतो. गंमत अशी की युक्रेन आणि बल्गेरियातील ख्रिस्ती लोकही आपल्या एका सणाला ‘मोठा दिवस’ म्हणतात. पण तो असतो पुनरुत्थानाचा. मोठा दिवस कोणता म्हणायचा ह्याविषयी त्यांचे आणि आपले ऐकमेकांशी बोलणे झाले तर बरे होईल. तोवर मराठी कुटुंबांनी घरात नाताळ म्हणावे आणि उंबरठ्याबाहेर बडा दिन, ह्यात मला काही विसंगत दिसत नाही.